आत पाणी येणारे बूट

यंदा थंडी पडल्याचं मला पेपरात वाचावं लागलं नाही. तळपायाला कळलं. तुळशीचं लग्न लागलं आणि एका सकाळी लेकाच्या या नांदेडच्या घरात फरशीवर पाय टाकला, तर पाय परका वाटला. दुसऱ्या कुणाचा तरी काढून माझ्या नडगीला जोडलाय असा. दरसाल असंच होतं. कंधारचं तळं सोडून मला जमाना झाला, डोकं ते विसरायला तयार आहे, पण थंडी आली की पाय अजून तिकडं कामाला जातात.

लोकांना थंडी आवडते. आमच्या कॉलनीतली पेन्शनवाली माणसं मफलर गुंडाळून सकाळी फिरायला निघतात, तोंडातून वाफ काढतात आणि म्हणतात, काय झकास हवा सुटलीय. मी गेटात उभा राहून बघतो. झकास म्हणायला यांच्या बापाचं काय गेलं. या हवेत छातीएवढ्या पाण्यात उतरून दाखवा, मग सांगा झकास. मला तर थंडीचा वाससुद्धा सहन होत नाही. तुम्ही म्हणाल थंडीला कुठं वास असतो. असतो. कुजलेल्या वेलाचा, गाळाचा, ओल्या धोतराचा वास असतो.

मी तिसरीपर्यंत शाळेत होतो, चौथीला तळ्यात. त्यामुळं माझ्या लिहिण्याला कुठं गाळ लागलेला दिसला तर पुसून घ्या. बोलायचं काम नाही.

आम्ही भोई. कंधारच्या तळ्यात आमच्या गल्लीचे शिंगाडे असायचे. शिंगाडा तुम्ही खाल्ला असेल, उपासाला चालतो. एकादशीला त्याच्या पिठाचा शिरा करतात, बाया सोवळ्यात ढवळतात, देवाला दाखवतात. पांढराशुभ्र, गोड. तो कुठून येतो ते बघितलं तर एकादशी मोडेल. वर हिरव्या पानांचं गोधडीसारखं झाकण, खाली काळं पाणी, आणि पाण्याखाली असला गाळ की पाय टाकला की तो पाय गिळतो आणि वर बुडबुडा सोडतो, नासलेल्या अंड्याचा. वेल मांड्यांना गुंडाळतो. तो शेवाळानं बुळबुळीत असतो, अंगावरून काहीतरी जिवंत सरकल्यासारखा. आणि काही वेळा खरंच जिवंत असतं. जळू चावते तेव्हा कळत नाही. वर आल्यावर पोटरीला टपोरं काळं जांभूळ लटकलेलं दिसलं की समजायचं. चिमटीत धरून ओढलं की तुटतं, म्हणून मीठ लावायचं, मग ते गळून पडतं आणि आपलंच रक्त ओकतं. तुम्ही जेवत असाल तर माफ करा. आम्ही काठावर बसून त्याच हातानं भाकरी खायचो.

दिवाळीपासून पौषापर्यंत हे चालायचं. ट्रकच्या चाकाची ट्यूब फुगवून छातीखाली घ्यायची, पान उलटायचं, खालचे शिंगाडे तोडून गळ्यातल्या झोळीत टाकायचे. वरचं अंग ट्यूबवर, खालचं अंग पाण्यात. पहिल्यांदा पाय दुखतात, मग चावतात, मग गप्प होतात. पाय गप्प झाले की लोकांना वाटतं बरं झालं. तीच वेळ वाईट.

माझी बायको गयाबाई माझ्या शेजारी असायची. आमच्यात बायाही पाण्यात उतरत. तिच्या पायाची बोटं गार पाण्यात पांढरी पडायची. माझी नाही पडायची, तिचीच पडायची. पांढरी म्हणजे मेणबत्तीसारखी, दाबली तरी रंग यायचा नाही. काठावर येऊन ती बोटं काखेत धरता येत नाहीत म्हणून लेकराच्या पोटाला लावायची. आमचा मारोती तेव्हा दुपट्यात असायचा. आईचे पाय पोटाला लागले की किंचाळायचा, आणि ही हसायची.

आणि चिखल्या. बोटांच्या बेचक्यांत कातडी पिकून पांढरी होते, सोलते, खाली लाल मांस दिसतं, घाण वास मारतं. त्याला आमच्याकडं एकच औषध, मेंदी. बायापुरुष सगळे सांजेला बेचक्यांत मेंदी भरून चुलीपुढं पाय पसरून बसायचे. हिवाळाभर आमच्या गल्लीतल्या गड्यांचे पाय नवरीसारखे लाल. वाळलेले शिंगाडे घेऊन मी लातूरला जायचो, तिथं मोंढ्यात एक अप्पा होते, गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, बोलायला मिठास. माझ्या पायाकडं बघून दरसाल तेच विचारायचे, "काय पावणं, लगीन कितवं?" गादीवरची माणसं हसायची. मीही हसायचो. मग ते पोत्यात हात घालून शिंगाडा उचलायचे, नाकाला लावायचे आणि म्हणायचे, माल सोवळा आहे ना, उपासाचा आहे. मी म्हणायचो, एकदम सोवळा. कुणाच्या कुजल्या पायांमधून हे सोवळं वर आलंय ते त्यांनी इचारलं नाही, मी सांगितलं नाही.

हे सगळं आता का उकरून काढून राहिलो, तर माझी नात. मारोतीची लेक, साक्षी.

मारोतीला मी तळ्यात उतरू दिलं नाही. एकदाही नाही. गल्लीतले लोक म्हणाले, याला लेकाला साहेब करायचाय. म्हटलं हाव, करायचाय. मारोती शिकला, मास्तर झाला, नांदेडला घर बांधलं. गयाबाई त्या घरात थोडे हिवाळे राहिली, फरशीवर सतरंजी टाकूनच चालायची, आणि मग साध्या तापानं गेली. मला वाटलं, चला, आमचं घर पाण्यातून बाहेर निघालं. आता हाडं वाळवत बसायचं.

आणि ही पोरगी विष्णुपुरीच्या धरणात होडी चालवायला शिकली. होडी म्हणजे आपली माणसं वाहणारी नव्हे. शेंगेसारखी निमुळती, एकाच माणसाची, वल्ह्याला दोन्हीकडं पातं. कॉलेजातून नाव दिलं, आवडलं, आणि चांगली निघाली. बापाला कौतुक. पेपरात फोटो आला तेव्हा तो मला दाखवायला आला. मी म्हटलं, भोयाची पोर होडी चालवती यात पेपरात छापण्यासारखं काय हाय? आणि खरं सांगतो, मला कौतुक नव्हतं वाटलं. ज्या पाण्यातून मी दातओठ खाऊन घर ओढून काढलं, त्यात ही हौसेनं शिरली होती.

गेल्या हिवाळ्यात तिला वर हिमालयात शिबिराला नेलं. तिकडं बर्फ वितळून आलेलं पाणी. त्यात होडी मुद्दाम उलटी करायला शिकवतात, मग पोहत काठाला यायचं. ही काठाला आली आणि दगडांवर उभी राहीना. पाय होते, पण तिला लागत नव्हते. बोटं पांढरी. शिकवणाऱ्या मॅडमनी तिला परत पाठवली. घरी आली तेव्हा तिनं मोजे काढले नाहीत, पण मला बघायची गरज नव्हती. कुणाचे पाय घेऊन ही जन्माला आलीय ते मला ती रांगत होती तेव्हापासून माहीत आहे.

यंदा तिला परत बोलावणं आलं. मॅडमनी साफ सांगितलं होतं, या वेळी पाय टिकले तर टीममध्ये, नाही टिकले तर पुन्हा बोलावणार नाही. साध्या कापडी बुटांवर येऊ नको, थंड पाण्याचे रबरी बूट बघून घे, सगळा खेळ त्याच्यावर आहे. पोरगी त्या दिवसापासून जेवताना, झोपताना मोबाइलमध्ये बूटच बघायची. आमच्या घरात पोरींची स्थळं बघितली गेली तीसुद्धा इतकी निरखून नाही.

एक दिवस चहाच्या वेळेला माझ्याजवळ येऊन बसली. मला दाखवायला लागली. तीनाचे, पाचाचे, साताचे, ही रबराची मिलिमीटरमधली जाडी. काहींना बाजूनं चेन, काहींना नुसतं ओढून घालायचं. काहींचा तळ पातळ, काहींचा जाड, दगड टोचू नये म्हणून. एका जोडाचा अंगठा वेगळा आणि बाकीची बोटं वेगळी. मी म्हटलं हा बूट नाही, हे बैलाचं खूर आहे, माणसाचा जन्म मिळालाय तर माणसाच्या पायानं चाल. ती हसली. म्हणाली त्यानं दगडावर पकड चांगली बसते. मी विचारलं, पाणी तर आत येत नसंल?

"येतं की," ती म्हणाली.

"मग त्याला बूट कशाला म्हणायचं?"

"आबा, थोडंच येतं. अन् आत आलं की तिथंच राहतं. आपल्या पायाच्या गर्मीनं ते गरम होतं, मग तेच पायाला ऊब देतं. म्हणून बूट कातडीसारखा घट्ट पायजे. सैल असला की पाणी आतबाहेर करतं, दर खेपेला नवं गार."

मला शिसारी आली. आपल्याच पायाचं पाणी, आपलाच घाम, तेच आत कोंडून त्यातच उभं राहायचं. गटार बांधून पायाला नेसायचं म्हणजे. आणि या कार्टीला माझं तोंड बघून चेव आला. म्हणाली, काही खेळाडू तर लई थंडी लागली की त्या रबरी पोशाखातच मोकळे होतात, तेवढंच गरम वाटतं. मी चहाची कपबशी खाली ठेवली. म्हटलं, हे शिकायला तुला कॉलेजात घातलं का? ती हसून हसून भिंतीला टेकली. मला हसू आलं नाही. मी तो चहा पुन्हा उचलला नाही.

माझा या आत पाणी येणाऱ्या बुटांवर राग का, त्याला कारण आहे.

एका हिवाळ्यात गयाबाईच्या उजव्या पायाच्या करंगळीत शिंगाड्याचा काटा मोडला. शिंगाड्याला दोन शिंगं असतात, गाळात पडलेले जुने शिंगाडे शिंगं वर करून वाट बघत बसतात. पाय गप्प झालेला होता, म्हणून तिला कळलंच नाही. दुखलंच नाही तर कळणार कसं. ती तशीच दिवसामागून दिवस उतरत राहिली. जेव्हा मेंदीच्या वासातूनही दुसरा वास यायला लागला तेव्हा आम्ही बघितलं. दवाखान्यात करंगळी काढून टाकली. पट्टी सुटली आणि ही परत तळ्यावर. म्हणाली, नऊ बोटाला पाणी काय कमी गार लागतंय?

तेव्हा मी तिच्यासाठी गमबूट आणले. आमच्याकडं बाईमाणूस पायताण घ्यायला बाजारात जात नसे. तिच्या पायाखाली खराट्याची काडी ठेवायची, टाचेपासून अंगठ्यापर्यंत मोडायची, वर एक बोट वाढवायचं, आणि ती काडी खिशात घालून बाजार गाठायचा. घट्ट आणायचं नाही. पाय काय सूज धरतो, भेगाळतो, आणि सैल पायताण घरातल्या चौघींच्या कामी येतं. मी काडी घेऊन नांदेडला गेलो, गुडघ्याएवढे काळे गमबूट घेऊन आलो. गल्ली बघायला जमली. गयाबाई ते घालून राणीसारखी पाण्यात उतरली. गुडघ्यापर्यंत ठीक होतं. त्याच्यापुढं पाणी वरून बुटात शिरलं. दोन्ही बूट घागरीसारखे भरले आणि गाळात जाम झाले. ती पाय उचलायला गेली आणि तोंडावर पडली. मी तिला केसाला धरून वर काढली. नाकातोंडात काळा गाळ, डोळे पांढरे. काठावर आडवी घातली, तेव्हा पाणी ओकून पहिला शब्द बोलली तो असा, "बूट नव्हं ते. मढ्याला बांधायचा धोंडा हाय."

ते गमबूट तळ्याच्या गाळातच राहिले. अजून तिथंच उभे असतील, आत मासे घर करून.

तर ज्याच्या आत पाणी येतं तो बूट माणूस मारतो, हे माझं शिक्षण. त्याची शाळा मी केलेली. म्हणून मी घरात सांगितलं, बूट घ्यायचाच तर सैल घ्या. पाय ओढला की निघाला पाहिजे. साक्षी म्हणाली, आबा हा तसला बूट न्हाई, हा घट्टच लागतो. मी ऐकलं नाही. खराट्याची काडी मोडून आणली, तिला पाय टेकायला लावला, माप घेतलं, एक बोट वाढवलं आणि काडी मारोतीच्या हातात दिली. मारोती मास्तर आहे, शाळेत पोरं त्याला चळाचळा कापतात, पण माझ्यासमोर त्याची मान अजून वर होत नाही. त्यानं काडी पट्टीवर ठेवली, मोबाइलमधल्या मापाशी जुळवली आणि मागवून टाकला जोड. पोरगी उठली. आत जाऊन दार लावलं. ते दार लावल्याचा आवाज मला ऐकू आला. मी रेडिओ मोठा केला.

बूट आले. काळे, जाड, मऊ. डबा उघडला तशी सगळ्या घरात घाण सुटली. ट्रकच्या ट्यूबला ओलं कुत्रं घासल्यावर येईल तसली. मी हातात घेऊन दाबला, तो मेलेल्या जळूसारखा दबला आणि परत फुगला. मी हात धुतले, साबण लावून धुतले. सून म्हणाली, मामा, रबरच तर हाय. म्हटलं, तुझ्यासाठी रबर असंल.

रविवारी सकाळी आम्ही तिघं रिक्षा करून विष्णुपुरीला गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं, मीच आधी जाऊन रिक्षात बसलो. धरणावर धुकं होतं. पाण्याचा तो वास आला आणि माझ्या पायात कळ उठली. साक्षीनं बूट घातले आणि कमरेएवढ्या पाण्यात जाऊन उभी राहिली. चालली, वाकली, परत चालली. दर पावलाला बुटातून आवाज यायचा, गुळुक, गुळुक, म्हैस पाणी पिताना करते तसा. मी मनात म्हणत होतो, निघतो ना चटकन, मग झालं. तिचा चेहरा मात्र बघवत नव्हता. ती रडत नव्हती. ती मोजत असल्यासारखी पाण्याकडं बघत होती.

वर येऊन पायरीवर बसली. बूट ओढला तसा तो चटकन निघाला, माझ्या म्हणण्याप्रमाणं. आतून तांब्याभर पाणी पडलं. आणि मग पाय दिसला. पाचही बोटं पांढरी. मेणबत्तीसारखी. मारोती म्हणाला, जास्त वेळ उभी राहिलीस बेटा. ती म्हणाली, पप्पा, तिकडं याच्या निम्मं पण थांबावं लागणार न्हाई, पण पाणी बर्फाचं असंल.

बोटं चोळत बसली. मला बोल लावला असता तर बरं झालं असतं. मी खाली बसलो. गुडघे वाकत नाहीत, तरी बसलो, आणि तिचे पाय माझ्या स्वेटरच्या आत, पोटाला लावले. गार लागले की माणूस किंचाळतो, मी दात आवळले. मारोती तोंड फिरवून धरणाकडं बघत उभा राहिला. त्याला काय आठवत असेल, त्याचं ते दुपट्यातलं वय, पण पोटाची कातडीबी विसरत नसावी.

"तुझ्या मापाचं घे," मी म्हटलं.

"घट्ट?"

"गळा आवळल्यासारखं घे. मला इचारू नको."

माझं चुकलं असं मी म्हणालो नाही, आताही म्हणत नाही. गमबूट गमबूट होते आणि गयाबाई खरंच बुडत होती. पण वडील माणसाला एक कळलं पाहिजे, की पोरांच्या वाटेत आडवं बसायचं कुठवर आणि उठायचं कधी.

दुसरा जोड तिनं तिच्या मनानं मागवला. साताचा, चेन नसलेला, जाड तळाचा, पुढून गोल. बैलाचं खूर घेतलं नाही एवढी माझी अब्रू राखली. हा जोड इतका घट्ट की पायात जाईना. मग पायाला आधी कॅरीबॅग घालायची, तिच्यावरून बूट सरकवायचा आणि पिशवी ओढून काढायची, असली तिची तऱ्हा. घरात रोज सकाळी हा तमाशा. बाप बूट धरतोय, आई पिशवी ओढतीय, पोरगी पलंगावर उताणी. पिशवी निघताना जो आवाज यायचा तो मी इथं लिहीत नाही. मी तोंड वाकडं करून पेपर वर धरायचो आणि पेपराच्या कडेनं बघायचो. धरणावर जाऊन आली की पहिल्यांदा मला पाय दाखवायची. बोटं लालसर. गरम नाही, पण जिवंत.

निघायच्या आदल्या सांजेला मी वाटीत मेंदी कालवून घेऊन गेलो. म्हटलं, रबरात पाय दिवसभर ओला राहणार, चिखल्या होतील. मला वाटलं हसेल, नाही म्हणेल, म्हणेल आबा तिथं सगळ्या राज्यांतल्या पोरी असतात. तिनं पाय पुढं केले. मी बेचक्यांत मेंदी भरली. करंगळीपाशी आल्यावर हात थांबला. ती करंगळी होती आपल्या जागेवर. मी ती दाबून बघितली. तिनं विचारलं, काय झालं? म्हटलं, काय न्हाई, वाळू दे.

ती गेली आणि घरात पहिला जोड राहिला, तो सैल. पाण्यात वापरलेला म्हणून दुकानवाला परत घेईना. सुनेनं तो गच्चीच्या जिन्यात उलटा घालून ठेवला. येताजाता मला तो दिसायचा आणि माझं टाळकं सटकायचं. आत पाणी येतं, गरम होतं, म्हणे. साफ खोटं. कंपनीवाल्यांनी पोरांना बनवायचं आणि पोरांनी आम्हाला. एका सकाळी उन्हं अंगणात आली तशी मी घमेलं काढलं. टाकीचं गार पाणी भरलं. त्यानं भागणार नाही म्हणून फ्रिजमधला सगळा बर्फ आणून टाकला. उगाच खोटा निवाडा नको. मग बाजेवर बसून तो बूट उजव्या पायात घातला. एक बोट वाढवलेला, साक्षीला सैल झालेला बूट माझ्या पायाला गच्च बसला. डावा पाय तसाच उघडा ठेवला. आणि दोन्ही पाय एका घमेल्यात घातले.

सून कपडे वाळत घालत होती. ती बघतच राहिली. म्हटलं, तुझं काम कर.

डावा पाय पहिल्यांदा दुखला, मग चावायला लागला. ओळखीचं होतं सगळं. उजव्यात टाचेकडून पाणी शिरलं, गार, धाग्याएवढं, बोटांपर्यंत सरकत गेलं. अगदी जळवेसारखं. माझ्या अंगावर काटा आला. मी म्हटलं, बघा, आलं ना पाणी, म्हणत होतो ना. आणि मी जिंकल्यासारखा बसून राहिलो.

मग ते पाणी गार लागायचं बंद झालं.

मला वाटलं पाय गप्प झाला. मी बोटं हलवली. हलली. अंगठा कळत होता, करंगळी कळत होती. बुटाच्या आत माझंच घाणेरडं पाणी माझ्या बोटांभोवती कोमट होऊन बसलं होतं. उन्हात ठेवलेल्या तांब्यातल्या पाण्याइतकं. घमेल्यात बर्फ तरंगत होता, आणि माझा उजवा पाय जसा काही चुलीपुढं पसरून बसला होता.

तेव्हा मला जी किळस आली तशी जळवेचीसुद्धा कधी आली नव्हती. बुटाची नाही आली. इतकं सोपं होतं याची आली. बोटभर रबर, एवढंच. आम्ही छातीखाली रबर घेऊन तरंगत होतो आणि पाय खाली मरत होते. असले बूट तेव्हाही जगात कुठंतरी असणारच. गोऱ्या लोकांच्या पोरांनी ते घालून समुद्रात मजा केली असेल. खेळणाऱ्याच्या पायापर्यंत आले, कंधारच्या तळ्यापर्यंत नाही आले. शिंगाडा खाणाऱ्या एकानंही खाली वाकून बघितलं नाही. मी थुंकलो. अंगणातच थुंकलो, सुनेसमोर.

तेवढ्यात मोबाइल वाजला. सुनेनं तो माझ्या कानाला लावला. साक्षी होती. मागं पाण्याचा मोठा आवाज होता. म्हणाली, आबा, ठेवलं मला, टीममध्ये नाव लागलं. होडी उलटली, पोहून आले अन् दगडावर उभी राहिले. मी विचारलं, बोटं? म्हणाली, लाल हायेत, पण ती मेंदीनं का रक्तानं ते कळंना. मॅडम विचारत होत्या लग्न ठरलंय का. मी म्हणलं, न्हाई, आमच्यात गडीमाणसंबी लावतात.

मग तिनं विचारलं, आबा, काय करून राहिले?

"काय न्हाई," मी म्हटलं. "उन्हात बसलोय."

सून तोंडाला पदर लावून आत गेली. जाताना म्हणाली, मामा, तो उघडा पाय तरी काढा बाहेर, निळा पडला. मला दिसत होतं. तो चावायचा थांबला होता, गप्प व्हायला लागला होता. उजव्यातलं पाणी अजून कोमट होतं. डावा मी मुद्दामच काढला नाही. बर्फ विरघळेपर्यंत दोन्ही पाय घमेल्यात तसेच शेजारीशेजारी ठेवून बसलो.